पोटातला वारा आणि ईदची रांग

पोटात गॅस होतो, हे माणूस दवाखान्यात चारचौघांत खणखणीत आवाजात सांगतो. त्या गॅसला वास येतो, हे सांगायचं असलं की मात्र तो खुर्ची पुढं ओढतो, मागं वळून पडदा नीट लागलाय का ते बघतो, आणि मग आपल्या शेजाऱ्याची गोष्ट सांगायला लागतो. शेजाऱ्याला म्हणे फार त्रास आहे. शेजारी लाजतो, म्हणून मीच विचारायला आलो. मी सगळं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "शेजाऱ्याला सांगा, बनियन वर करून टेबलावर झोपायला." मग शेजारी मुकाट्यानं झोपतो.

हसनाबादेत मी दवाखाना उघडला तेव्हा लोक धरून चालले होते की बाई आहे म्हणजे बाळंतपणं करणार. केलीही पुष्कळ. पुढं रस्ते झाले, गाड्या आल्या, बाळंतिणी भोकरदनला आणि जालन्याला जाऊ लागल्या, आणि माझ्याकडं उरली ती पोटं. पुरुषांची, बायकांची, सगळ्यांची. आता दवाखाना सून चालवते, मी सकाळी दोन तास बसते. त्या दोन तासांतही पोटंच येतात. सुनेला वाटतं, ती मुद्दाम माझ्याकडं ढकलते हे मला कळत नाही.

संपादकांनी 'अविस्मरणीय अनुभव' मागितला, तेव्हा त्यांच्या मनात पुरात अडकलेली बाळंतीण वगैरे असणार. मी विषय सांगितला तर त्यांनी तो फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. सून म्हणाली, "आई, दिवाळीच्या अंकात हे?" मी म्हटलं, अगं, चकल्या, शेव आणि तळलेल्या करंज्या खाऊन लोक अंक उघडतात. ह्याहून योग्य वेळ कोणती? नावं बदलली आहेत, गावंही थोडी इकडची तिकडं केली आहेत, आणि ज्यांची मोठी गोष्ट पुढं येते त्यांच्या घरी जाऊन विचारून आले आहे.

आधी धंद्यातलं थोडं सांगते. पोटात वारा धरणं हा रोग नाही. घाईघाईनं खाताना, बोलत बोलत पाणी पिताना आपण हवा गिळतो. शिवाय जे अन्न वरच्या आतड्यात पचत नाही ते खाली जातं, तिथले जंतू त्यावर ताव मारतात आणि वारा तयार होतो. राजाचंही असंच होतं आणि रंकाचंही. ह्या वाऱ्याला बहुतेक करून काहीच वास नसतो. आवाज मोठा आणि वास काही नाही, असा वारा बहुधा मटकी, हरभरा, घुगऱ्या ह्यांचा असतो. वास येतो तो गंधकाचा अंश असलेल्या खाण्यानं. अंडी, मटण, कांदा, लसूण, कोबी, मुळा. त्याचं प्रमाण अगदी किंचित असतं, पण नाकाला तेवढं पुरतं. तेव्हा रोगी आला की मी पहिल्यांदा विचारते, "आवाज की वास?" लोक लाजतात, पण ह्या एका प्रश्नानं माझं निम्मं काम होतं.

उपायही साधे असतात, म्हणून तर लोकांना ते औषध वाटत नाहीत. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात शिजवा. हिंग, ओवा घाला. खाताना घाई करू नका, खाल्ल्यावर लगेच आडवे होऊ नका, थोडं चाला. खायच्या सोड्याची चिमूट रोज घ्यायची सवय मोडा. पोट रोज साफ झालं पाहिजे, कारण आत पडून राहिलेलं नासतं आणि घमघमतं. कुजक्या अंड्यासारखे ढेकर आणि फेसाळ जुलाब असले तर पिण्याच्या पाण्याकडं बघावं लागतं, त्याला गोळ्या वेगळ्या असतात. साखरेच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही पोट बिघडतं, पण म्हणून त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. आणि माणूस वाळत चालला असेल, शौचातून रक्त जात असेल, अंगातलं रक्त कमी झालं असेल, तर मी चेष्टा करत बसत नाही, सरळ जालन्याला पाठवते. छातीत दुखून घाम फुटलेला माणूस 'गॅस झालाय' म्हणत आला तर त्याला सोडा प्यायला देणाऱ्या नातेवाइकांवर मी आजवर जेवढी ओरडले आहे तेवढी कोणावर ओरडले नसेन.

आता गिऱ्हाइकं. टेंभुर्णीकडचा एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करायला जालन्यात खोली घेऊन राहिला होता. चौघांत एक खोली. तिघांनी मिळून त्याला गच्चीवर काढलं. तो माझ्याकडं आला तो छाती पुढं काढून, मान खाली घालून. काय खातोस विचारलं तर म्हणाला, "सकाळी सहा अंडे, मंग डब्यातली पावडर, दुपारला उकडलेला कोबी, संध्याकाळी भिजवलेले हरभरे, झोपताना परत अंडे."

"भाकरी?"

"भाकरीनं बॉडी बनत न्हाई, मॅडम."

"पळताना त्रास होतो का?"

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "न्हाई. उलट माझ्या मागून कुणी पुढंच येत न्हाई. पोरं मला मोकळा रस्ता देऊन राह्यले."

मी हसले, तो हसला, आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांचा गडी. तीन दोस्तांनी हसत हसत गच्चीवर काढलं, ते त्याला लागलं होतं. त्याची अंडी दोनवर आणली, पावडर बंद केली, कोबी बंद केला, भाकरी आणि वरण परत ताटात आणलं. परत खोलीत घेतलं का, म्हणून मी नंतर विचारलं. "घेतलं," म्हणाला, "पण खिडकीजवळ."

दुसरी एक लताबाई. चाळिशीची, कापूस वेचायला जाणारी. पिकअपमध्ये सगळ्या बायका दाटीवाटीनं बसतात, तिथं तिची टिंगल व्हायची. ती टिंगलीला घाबरून पायी जायला लागली होती. तिचं पोट हाताला दगडासारखं लागत होतं. तीन-चार दिवस शौचालाच जात नव्हती. मी म्हटलं, घरी संडास नाही का? "हाय की, बाई. सरकारी पैशातून बांधलेला हाय. पर दारापुढं हाय. मामंजी सकाळधरून ओट्यावर बसलेले असतात. त्यायच्या पुढून बादली घिऊन कसं जावं?"

ह्याला मी काय औषध देणार? मी मामंजींना बोलावून घेतलं. गुडघे तपासले, प्रेशर तपासलं, गंभीर चेहरा केला आणि सांगितलं, तुम्ही रोज पहाटे उठून मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचं आणि तिथं उन्हं येईपर्यंत बसायचं. म्हातारा भारी आज्ञाधारक निघाला. त्याचे गुडघे सुधारले आणि सुनेचं पोटही. म्हातारा अजून मला रस्त्यात थांबवून सांगतो की असा डॉक्टर झाला नाही. मी म्हणते, चालत राहा.

अशा हसण्यासारख्या गोष्टी पुष्कळ. पण ह्या त्रासात माणसं किती एकटी पडतात हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते उस्मानभाईंमुळं.

उस्मानभाई शिंपी. शेजारच्या गावातले, पासष्टीच्या पुढचे. अर्ध्या पंचक्रोशीचे लेंगे-सदरे त्यांनी शिवले असतील. बोलणं मोजकं, राहणी टापटीप. एका सकाळी ते आले, पडदा तपासला, आणि त्यांनी शेजाऱ्याची गोष्ट काढली नाही. सरळ म्हणाले, "बाई, मी मशिदीत जाणं सोडलंय."

मला वाटलं काही भांडण झालं असेल. त्यांनी समजावून सांगितलं. नमाजाच्या आधी हात-पाय-तोंड धुऊन वजू करावा लागतो, आणि वारा सरला की वजू तुटतो. परत उठायचं, परत धुवायचं. सगळ्यांच्या बरोबर नमाज पढायचा तर रांगेत, ते तिला सफ म्हणतात, खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असतं. मधे जागा सोडायची नसते.

"मौलानाला विचारलं मी. ते म्हणले, बीमार माणसाला सवलत हाय, घाबरू नका. माझ्या वजूचा सवाल सुटला, बाई. पर बाजूवाल्याच्या नाकाचं काय? कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असं आमच्यात सांगतात. का? तर लोकायला तकलीफ व्हती म्हणून. मंग मी तर कांद्याहून वाईट झालोय."

"किती दिवस झाले?"

"दीड साल झालं. घरीच पढतो. मागल्या ईदला तेवढा गेल्तो, तर सगळ्यात मागं, चपलांजवळ उभा राह्यलो अन् सलाम फिरवून नमाज संपला की निघालो. गळाभेट बी घेतली न्हाई कुणाची."

मी तपासलं. वजन, रक्त, शौच, सगळं पाहिलं. जंतू नव्हते, रक्त नव्हतं. मधूनच पातळ होत होतं, पोट गुडगुडत होतं, आणि वास होता. खाण्याचं विचारलं तर त्यांनी आपल्या शिवणकामासारखं नीट सांगितलं. कांदा सोडला, लसूण सोडला, मटण सोडलं, डाळ सोडली, आता फक्त ज्वारीची भाकरी आणि दोडक्या-भोपळ्याची भाजी. मी चाट पडले. ह्या खाण्यात वास यावा असं काही नव्हतंच. हिंग-ओवा दिला, पोट साफ व्हायचं औषध दिलं, पुढच्या वेळी गोळ्या बदलून पाहिल्या. काही फरक नाही.

ह्याच सुमाराला दर महिन्याला प्रेशर तपासायला माझ्याकडं येणारे गफूरभाई एकदा खुर्चीतून उठेनात. गफूरभाई म्हणजे उस्मानभाईंचे धाकटे भाऊ, गादी-रजईचं दुकान असलेले, बडबडे आणि भाबडे. प्रेशर चांगलंच वाढलं होतं. काय झालं विचारलं तर म्हणाले, "भाई माझ्यावर नाराज हाय, बाई. का, तेच समजून न्हाई राह्यलं."

लहानपणापासून हे दोघे भाऊ नमाजात शेजारी शेजारी उभे राहायचे. वडील गेल्यावर मोठ्यानंच धाकट्याला वाढवलं. आणि आता मोठा भाऊ धाकट्याला बघून मशिदीच्या रस्त्यावरून वळतो, असं गफूरभाईंचं म्हणणं. "ईदला गळा भेटायला गेलो तर पाठ फिरवून निघून गेला. सगळ्या गावानं पाह्यलं. पोरीचा रिश्ता त्याला न विचारता केला म्हणून असंल का? का मी लिंबाचं झाड तोडलं म्हणून? अब्बांनी लावलेलं व्हतं."

दर महिन्याला ते नवं कारण घेऊन यायचे. आणि मी दंडाला पट्टा गुंडाळत गप्प बसायची. मला कारण माहीत होतं, पण रोग्याचं गुपित सख्ख्या भावालासुद्धा सांगायचं नसतं. ह्या धंद्यात तोंड बंद ठेवणं मला फार वेळा जड गेलं आहे, पण इतकं कधीच नाही. मी उस्मानभाईंना बोलले. म्हटलं, अहो, त्याला वाटतंय तुम्ही रागावलात. एका वाक्याचं काम आहे, सांगून टाका.

त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली. मग म्हणाले, "राग म्हणला तर म्हणू द्या. रागात इज्जत तरी ऱ्हाती माणसाची."

मला त्यांचा संतापही आला आणि गलबलूनही आलं. भावाला आपला वास यावा ह्यापेक्षा भावाला आपला राग यावा, हे त्या माणसाला सोपं वाटत होतं. मी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली आणि लिहिता लिहिता सहज म्हटलं, एवढं सगळं सोडलंत, बारीक होऊ नका. तर म्हणाले, "बारीक कुठला? सदऱ्याची शिलाई दोन डाव उसवून ढिली केली म्या."

माझा पेन थांबला. कांदा नाही, मटण नाही, डाळ नाही, आणि सदरा घट्ट होतो? मी म्हटलं, उद्या भाभींना घेऊन या. ते म्हणाले, तिचं काय काम? मी म्हटलं, घेऊन या म्हटलं ना.

हलीमाभाभी आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणाऱ्या. मी विचारलं, भाई दिवसभरात काय काय खातात? त्यांनी तीच भाकरी आणि तोच भोपळा सांगितला. मी म्हटलं, आणि पितात काय?

भाभींचा चेहरा खुलला. "ताकदीचा पेला देती की मी. सकाळी एक, रातच्याला एक. भैंस त्याच्यासाठीच तर घेतली. मागं बीमार पडले, जुलाबानं पार हड्डी-हड्डी राह्यले, तवा म्या माझ्या माहेरच्या भाईकडून भैंस आणवली. मोठा पेला दूध, त्यात दोन कच्चे अंडे फेटायचे, साखर टाकायची. अल्ला कसम, त्या पेल्यानंच उठले हे."

मी उस्मानभाईंकडं पाहिलं. "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही खाण्याचं विचारलं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "ते तर औषध हाय."

हसावं की कपाळावर हात मारावा ते मला कळेना. माणसानं कांद्याची पात सोडली होती, डाळीचा थेंब सोडला होता, आणि रोज चार अंडी आणि दोन मोठे पेले म्हशीचं दूध औषध म्हणून पीत होता. त्रास वाढला की एक भाजी आणखी सोडायची, आणि तो अशक्त होईल म्हणून भाभी पेल्यात साय वाढवायच्या.

दुधाचं आपल्याकडं कोणाला पटत नाही. दूध पचवायला पोटात एक रस लागतो. लहानपणी तो भरपूर असतो, पुढं पुष्कळ माणसांत कमी होत जातो, आणि मोठ्या जुलाबानंतर तर आतडं आणखीच नाजूक होतं. चहातलं चमचाभर दूध चालतं, पेलाभर चालत नाही. न पचलेलं दूध खाली जाऊन आंबतं, पोट गुडगुडतं, पातळ होतं. त्यावर अंड्याचा गंधक. उस्मानभाई आयुष्यभर कोरा चहा पिणारे, त्यांना हे कधी कळण्याचं कारणच नव्हतं. मी म्हटलं, पेला बंद.

हलीमाभाभींनी दातातला पदर सोडला. "बाई, माझ्या भैंशीनं तुमचं काय बिघडवलं?"

"भाभी, म्हैस चांगली आहे. त्यांना दूध पचत नाही."

"दूध पचत न्हाई? दूध? लेकराला पचतं, ह्यायला पचत न्हाई? अन् तकलीफ तकलीफ म्हणजे काय? वास ना? माणसाच्या घरात माणसाचा वास येणार न्हाई तर कुणाचा येणार? मी कधी काही बोलले का? ओट्यावर निजायला मी काढलं का ह्यायला? गरम व्हतं म्हणून सांगून गेले, दोन हिवाळे झाले!"

आणि एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मरणाच्या दारातून नवऱ्याला आणला तो ह्याच पेल्यानं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि आता कोणी तिऱ्हाईत बाई म्हणत होती की त्याच पेल्यानं त्याला घराबाहेर काढलं. उस्मानभाईंनी खिशातून धुतलेला रुमाल काढून त्यांच्यापुढं धरला. दोघांत तेवढंच अंतर होतं, हात लांबवला की पुरेल एवढं, आणि तरी त्यांनी हात मधेच थांबवला, खुर्ची जवळ घेतली नाही. ते बघून मला फार वाईट वाटलं.

मी आवाज खाली आणला. म्हटलं, भाभी, तुमच्या म्हशीचं दूध मी बंद करत नाही. फक्त तुम्ही ते विरजायचं. दह्यात बरंच काम विरजण करून टाकतं, पोटाला कमी करावं लागतं. दुपारी ताक, त्यात भाजलेलं जिरं, थोडं आलं. अंडी काही दिवस नकोत, मग आठवड्यातून एखादं, तेही उकडून. कांदा फोडणीत चालेल. मुगाची डाळ भिजवून सुरू करा. म्हैस तीच, हात तुमचाच.

"दह्यानं ताकद येती?"

"येते."

"अन् ह्यानं बरं न्हाई झालं तर?"

"तर मी चुकले म्हणून तुमच्या घरी येऊन सांगीन. आणि शेण काढीन."

भाभींनी डोळे पुसले. "शेण काढायला या मंग," असं म्हणून त्या उठल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याच घरून विरजण नेलं.

आठ-पंधरा दिवसांत गुडगुड थांबली. वास पहिल्यांदा रात्रीचा गेला, मग दिवसाचा. महिनाभरानं उस्मानभाई आले तर सदऱ्याची शिलाई परत आत घेतली होती. मी म्हटलं, आता जाता का मशिदीत? ते म्हणाले, "भरवसा न्हाई येत, बाई. आधी घरात पढून बघतो. भिंतीला खांदा लावून." पोट बरं झालं तरी भीती आतच राहते, हे मी फार जणांत पाहिलं आहे. बरं झालेला माणूस पुन्हा पुन्हा आपलाच वास घेत राहतो.

रमजान आला. रोजे सुरू झाले. इकडं पहाटेच्या सहेरीला दुधात भिजवलेल्या फेण्या खायची पद्धत आहे, म्हणून मी भाभींना निरोप पाठवला. उलट निरोप आला की बाईला म्हणावं, मला शिकवू नका, फेण्या मी दह्यात भिजवते.

गफूरभाई त्या महिन्यात तपासायला आले तेव्हा त्यांचं तोंड सुकलेलं होतं. ते म्हणाले, "ह्या ईदला जर भाईनं पाठ फिरवली ना बाई, तर मी पुन्हा इदगाहवर पाय ठेवणार न्हाई. घरीच पढीन. त्याच्याशिवाय मला तिथं उभंच राहवत न्हाई." प्रेशर मागच्यापेक्षाही वर होतं. मी गोळी वाढवून दिली आणि त्या दिवशी संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना उस्मानभाईंच्या पोटासाठी हात जोडले. माझ्या सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे.

ईदनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उस्मानभाई दवाखान्यात आले. नवा पांढरा सदरा, हातात शीरखुर्म्याचा डबा. पडदा न बघता बसले.

"गेल्तात का?" मी विचारलं. मलाच धीर नव्हता.

"गेल्तो. उशिरा गेलो मुद्दाम, म्हणलं मागं जागा भेटंल. तर गफूर मधल्या सफेत उभा, अन् त्याच्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी. लोक म्हणून राह्यले, जागा भरा, जागा भरा. ह्यो कुणाला उभं राहू देईना. मंग गेलो. खांद्याला खांदा लावला. पूर्ण नमाज झाला, बाई. बिलकुल काही झालं न्हाई."

"आणि मग?"

"मंग त्यानं मला गळ्याशी धरलं अन् सोडायलाच तयार न्हाई. मोठा माणूस, नातवंडंवाला, सगळ्यायपुढं रडून राह्यला. माझ्या कानात म्हणला, भाई, मला समजलं तू का नाराज हाईस. तुला कुणीतरी सांगितलं. अम्मीच्या वक्ताचं."

त्यांच्या आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. उस्मानभाई तेव्हा ईदच्या शिलाईच्या कामासाठी औरंगाबादेत एका दुकानात बसायचे. निरोप मिळून पोचले तर माती देऊन झाली होती. अचानक गेली, हाक मारायलाही वेळ मिळाला नाही, असं गफूरभाईंनी तेव्हा सांगितलं होतं.

"अचानक न्हाई गेली ती, बाई. दोन दिवस बिछान्यात व्हती. ह्याला वाटलं, ताप हाय, उतरंल. सीझनचं काम सोडून भाईला कशाला बोलवा. अन् मंग टाइमच राह्यला न्हाई, तर भिऊन खोटं बोलला. इतकी वर्षं ते पोटात ठिवून बसला व्हता. मी बोलणं सोडलं तर त्याला वाटलं, तेच असणार."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "मला तर गॅस झाला व्हता."

मला हसू फुटलं आणि त्यांनाही. मग ते म्हणाले, "मी बी तिथंच सांगून टाकलं त्याला. समदं. पोटाचं, पेल्याचं, ओट्याचं. तर रडता रडता हसायला लागला. म्हणला, भाई, एवढ्यासाठी दोन साल? अरे, मी नाक दाबून उभा राह्यलो असतो की."

डबा माझ्या टेबलावर होता. मी तो उगाच इकडून तिकडं सरकवला. मग न राहवून विचारलं, "उस्मानभाई, भावाचा राग नाही आला? आईची शेवटची भेट चुकली तुमची."

"आला. खोटं कशाला बोलू? गळ्यात व्हता अन् राग बी आला. म्हणलं, ह्याला ढकलावं." ते रुमालाची घडी उलगडून परत घालत बसले. "मंग तो म्हणला, दोन दिवस ती एकच बोलत व्हती, उस्मानला बोलवा, उस्मानला बोलवा." त्यांनी रुमाल खिशात ठेवला. "बाई, मला इतकी वर्षं वाटत व्हतं, तिनं माझं नावच घेतलं न्हाई."